तपकिरी रंगाखालची वाट

ऑफिसात तिला सगळे घारबाई म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. शहराच्या नियोजन कार्यालयात तिसऱ्या मजल्यावर फोटो विभाग होता. तिथं ती विसाव्या वर्षी नकाशे गिरवायला लागली आणि पुढची छत्तीस वर्षं तिनं त्याच खिडकीजवळच्या त्याच टेबलावर काढली.

काम असं होतं. दर चार-पाच वर्षांनी एक विमान शहरावरून रेघा मारल्यासारखं इकडून तिकडं उडायचं आणि खालचे फोटो काढायचं. शेजारशेजारचे दोन फोटो टेबलावर ठेवायचे, त्यावर चार पायांचं, दोन भिंगांचं यंत्र उभं करायचं आणि डोळे लावायचे. आधी सगळं धूसर दिसायचं. मग एकदम दोन्ही फोटो एकात एक बसायचे आणि घरं कागदातून वर उठून उभी राहायची. पहिल्या दिवशी तिनं एका पाण्याच्या टाकीला हात लावायला बोट पुढं केलं होतं. सगळा विभाग हसला होता.

पुढं मात्र तिच्या नजरेला कुणी हसलं नाही. सावली बघून ती मजले सांगायची. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवरून घरात माणसं राहतात की नाही ते सांगायची. एका शाळेनं परवानगी न घेता मागच्या बाजूला दोन खोल्या वाढवल्या होत्या, त्या तिनं नुसत्या छपराच्या चकाकीवरून पकडल्या. निरीक्षक जाऊन बघून आला तर खोल्या तिथंच. तेव्हापासून घार हे नाव पडलं ते पडलंच.

ती मोठी झाली एका बोळात. बोळ इतका अरुंद, की समोरासमोर दोन छत्र्या आल्या तर एकीला तिरकं व्हावं लागे. दोन्ही बाजूंचे वरचे मजले पुढं झुकलेले, आणि उरलेल्या फटीवर लोकांनी उन्हापावसासाठी पत्रे टाकलेले, कुणी ताडपत्री ताणलेली. आकाश कुठंकुठं ठिगळासारखं दिसायचं. वडिलांचं तिथं बूट दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन पायऱ्या उतरून खाली गेलं की एक खोली, खालच्या अंगाला फळ्यांवर बूट आणि वरच्या अंगाला एक खिडकी. त्या खिडकीतून येणाऱ्याजाणाऱ्यांचे फक्त पाय दिसत. वडील गेले, दुकान धाकट्या भावाकडं आलं. भावाला सगळे बारक्या म्हणत. पन्नाशी आली, पोट सुटलं, तरी बारक्याच.

बारक्या पायांवरून माणूस ओळखायचा. टाचांचा आवाज आला की मान वर न करता म्हणायचा, "मास्तर आज उशिरा." पोस्टमनचे तळ दीड महिन्यात झिजतात, दवाखान्यातल्या नर्सबाईंच्या चपलेचा डावा अंगठाच तुटतो, हे त्याला तोंडपाठ होतं. त्याला बायको मिळाली तीही चपलेचा पट्टा शिवायला आलेली. "पट्टा शिवायला आले आणि गाठच बसली," असं ती स्वतःच सांगायची.

घारबाईला नोकरी लागल्यावर सरकारी क्वार्टर मिळालं. लग्न तिनं केलं नाही. जुळत आलेलं एक मोडलं, मग मागं लागणारं कुणी उरलं नाही. ऑफिसची बस सकाळी दारातून न्यायची, संध्याकाळी दारात सोडायची. शहरात पायी हिंडायचं तिचं कारणच संपलं. बोळात ती रविवारी जायची, तेही पुढं पुढं महिन्यातून एकदा.

एकदा तिनं कौतुकानं फोटोची एक जुनी प्रत भावाला दाखवायला नेली. बारक्यानं हात पुसून ती दिव्याखाली धरली.

"यात आपलं दुकान कुठाय?"

"हे बघ, हा मोठा रस्ता, ही शाळा, आणि हे इथं..." तिनं बोट ठेवलं. बोटाखाली एक मोठा करडा डाग होता, जखमेवर खपली धरावी तसा. छपराला छप्पर चिकटलेलं. बोळ कुठंच नव्हता.

"म्हणजे दिसत नाही."

"पत्र्यांखाली आहे ना तो."

"बरं झालं," बारक्या हसला. "सरकारला दिसलोच नाही तर त्रास तरी कोण देणार?"

तीही हसली होती. ते हसणं पुढं तिला फार महागात पडलं.

पाच-सहा वर्षांनी विभागात नवे साहेब आले. हुशार, कामाला वाघ, बोलायला मऊ. संपूर्ण शहराचा नवा आराखडा दीड वर्षात द्यायचा होता. आधी असा रिवाज होता, की फोटोवरून नकाशा गिरवला की कुणीतरी पायी जाऊन ताडून यायचं. साहेबांनी ते बंद केलं. वेळ नव्हता. प्रत्येक वस्तीला एक रंग द्यायचा होता, आणि रंगाचे नियम एका पानावर टाइप करून सगळ्यांच्या टेबलावर चिकटवले होते. ज्या वस्तीत घरांच्या मधून ये-जा करायची वाट दिसत नाही, ती बंदिस्त. तिला तपकिरी, म्हणजे पाडून हलवायची.

तिच्या टेबलावर जो कागद आला, त्यात बोळ होता.

ती साहेबांकडं गेली. "साहेब, या तुकड्यात वाट आहे. पत्र्यांखालून जाते. दोन्हीकडं दुकानं आहेत, दवाखाना आहे, नळ आहे."

"फोटोत दाखवा."

"फोटोत नाही दिसत. पण मी तिथलीच आहे. लहानपणापासून त्याच वाटेनं..."

"बाई," साहेब अगदी समजुतीनं म्हणाले, "मला तुमचं बालपण नको, फोटो हवा. आज तुमच्यासाठी सोडलं तर उद्या प्रत्येकजण आपापली गल्ली घेऊन येईल. फारच वाटत असेल तर पाहणीचा अर्ज भरा. मी अडवणार नाही."

पाहणीचा अर्ज गुलाबी कागदावर असे. त्यात एक रकाना होता: संबंधित वस्तीत आपले नातेवाईक राहतात काय? तिथं हो लिहिलं की तो कागद दुसऱ्याच्या टेबलावर जाणार, चौकशी होणार, काम पंधरा दिवस मागं पडणार. आणि त्याच महिन्यात विभागप्रमुखाची जागा भरायची होती. इतकी वर्षं ज्या खुर्चीकडं ती बघत होती, ती खुर्ची. तिनं अर्ज ड्रॉवरमध्ये तीन दिवस ठेवला. दोनदा काढला, दोनदा आत सरकवला. चौथ्या दिवशी सकाळी तिनं तपकिरी रंग घेतला आणि तो तुकडा भरून टाकला. रंग कडेबाहेर जरासुद्धा गेला नाही. वीसेक मिनिटांचं काम. खाली कोपऱ्यात, रिवाजाप्रमाणं, काम करणाराच्या जागी तिनं आपल्या नावाची आद्याक्षरं घातली.

रंग काय, नुसता रंग आहे, असं तिनं मनाला सांगितलं. आराखडे होतात आणि कपाटात पडून राहतात, हे तर सगळ्यांनाच माहीत होतं. पुढच्या महिन्यात ती विभागप्रमुख झाली.

हा आराखडा मात्र कपाटात पडला नाही. तीन वर्षांनी बोळातल्या प्रत्येक दारावर नोटीस लागली. बारक्या ती हातात घेऊनच क्वार्टरवर आला. घाबरलेला नव्हता, उलट त्याला गंमत वाटत होती.

"ताई, हे वाच. यात लिहिलंय, आमच्याकडं यायला वाटच नाही. मग ही चिकटवणारा कसा आला? उडत?"

ती वाचत राहिली. शब्द ओळखीचेच होते, तिच्याच टेबलावरच्या पानातले.

"तू तिथंच आहेस म्हणून आलो. कुणीतरी गाढवानं चूक केलीय. तू नुसतं एकदा सांग, की वाट आहे. तुझ्यापेक्षा कुणाला जास्त माहीत?"

त्या क्षणी सांगता आलं असतं. तिनं तोंडही उघडलं. पण बाहेर जे आलं ते वेगळंच होतं.

"वरून आलंय रे. माझ्या हातात काही नाही. तरी बघते."

"बघ हां," तो म्हणाला आणि विश्वासानं चहा पिऊन गेला.

तिनं बघितलं नाही. सुनावणी झाली. तीत बोळातल्या सगळ्यांना मिळून दहा मिनिटं दिली. मग एका सोमवारी यंत्रं आली, आणि बुधवारी दुपारी आवरून गेली. पत्रे काढल्यावर, बारक्याची बायको पुढं सांगायची, बोळात पहिल्यांदाच लख्ख ऊन पडलं, आणि इतकी वर्षं ज्या भिंतींशी आपण अंग घासलं त्या किती ओल्या आणि काळ्या आहेत ते सगळ्यांना दिसलं. लोकांना स्वतःचीच लाज वाटल्यासारखं झालं. पाडणाऱ्यांना ते बरंच झालं.

शहराबाहेर माळावर नव्या आठ इमारती उभ्या राहिल्या होत्या. मधोमध गोल बाग, तिच्याभोवती आठ इमारती, प्रत्येक जराशी वाकलेली. विमानानं खास उड्डाण करून त्यांचा फोटो काढला. वरून ते खरंच एक फूल दिसत होतं, एकेक पाकळी मापून कापलेली. साहेबांनी तो फोटो मोठा करून जिन्यात लावला. बाहेरगावचे पाहुणे आले की त्यापाशी थांबायचे. साहेबांना त्यावर पारितोषिक मिळालं आणि समारंभात त्यांनी तिलाही उभं राहायला लावलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या फुलाची बाह्यरेषा तिनंच गिरवली होती, आणि तिला, खोटं कशाला, ती आवडली होती.

बारक्याला पाचव्या इमारतीत नववा मजला मिळाला. पहिल्या वर्षात ती तिथं दोनदा गेली, दोन्ही वेळा ऑफिसच्या गाडीतून, दारापर्यंत. घर उजेडाचं होतं, नळाला पाणी होतं. "छान आहे की," ती म्हणाली. बारक्या "हो" म्हणाला.

मग एक दिवस त्याचा फोन आला. "ताई, रविवारी ये. काम आहे."

रविवारी गाडी नव्हती. ती बसनं गेली. बसनं तिला एका रुंद, कोऱ्या रस्त्यावर सोडलं आणि निघून गेली. समोर दुकान नाही, टपरी नाही, वाट विचारायला माणूस नाही. दुकानं आराखड्यात एका वेगळ्या केंद्रात ठेवली होती. ते तिथून वीस मिनिटं लांब होतं. आठही इमारती एकाच रंगाच्या, एकाच उंचीच्या. नंबर होते, पण थेट गच्चीच्या कठड्यावर रंगवलेले. खाली उभं राहिलं तर मान मोडली तरी वाचता येत नव्हते. दोन इमारतींच्या मधून वारा असा सुटला होता, की पदर सांभाळावा की पिशवी तेच कळेना. आपण काढलेलीच तर जागा आहे, असं म्हणत ती निघाली. एका दारात गेली, चुकीचं. दुसऱ्या दारात गेली, तेही चुकीचं. डोळे मिटून फोटो आठवला. त्यात सगळं स्पष्ट होतं, फक्त ती स्वतः त्यात कुठं उभी आहे तेवढं समजेना. शेवटी तिनं फोन लावला.

"मी गॅलरीतून बघतोय तुला," बारक्याचा आवाज आला. "दहा मिनिटं झाली. तू तीन नंबरच्या दारात आहेस."

"मग हाक नाही मारायची?"

"नवव्या मजल्यावरून हाक? मागं फीर."

"बागेतून सरळ येते."

"बागेतून वाट नाही. कुंपण आहे. गोल फिरून ये. आम्हीही तसंच येतो."

ती वर पोचली तेव्हा घामाघूम झाली होती. भावजयीनं पाणी आणून दिलं. "बसा वन्सं," म्हणाली आणि दाराशीच उभी राहिली. गॅलरीत वर्तमानपत्रावर बारक्याची हत्यारं मांडलेली होती: आरी, चामडं कापायची रापी, तीन पायांची लोखंडी ऐरण. सगळी तेल लावून पुसलेली. एकही बूट नव्हता.

"धंदा?" तिनं विचारलं.

"बसस्टॉपवर बसलो होतो चार दिवस. इथल्या पहारेकऱ्यानं उठवलं. आणि बसून तरी काय करू? इथं कुणी चालतच नाही. बसमधून उतरतात आणि लिफ्टमध्ये शिरतात. तळ कशानं झिजणार?" तो जरा थांबला. "मग खाली एका कोपऱ्यात जागा मागायला अर्ज केला. जुनं दुकान होतं त्यांना जागा देतात, असं कळलं होतं. नामंजूर. म्हणे सर्वेक्षणात दुकानाची नोंद नाही. मी म्हटलं, नोंद नाही कशी, दाखवा. तर त्यांनी फाइलमधली प्रत दिली."

त्यानं घडी केलेला कागद तिच्यापुढं ठेवला. रंग प्रतीत काळपट आला होता. कोपऱ्यातली अक्षरं मात्र स्वच्छ होती.

"अक्षराचा हा मधला फाटा असा खाली ओढायची सवय," बारक्या म्हणाला, "मलाही आहे. तूच मला पाटीवर गिरवायला शिकवलंस."



"फोटोत दिसत नव्हती रे वाट," ती म्हणाली. "आम्हाला फोटोत दिसतं तेवढंच..."

"फोटोला नव्हती दिसत. तुला?"

"मी साहेबांना सांगितलं होतं."

"आणि मग?"

मग गुलाबी अर्ज, मग खुर्ची. तिनं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. ऐकताना बारक्याचा चेहरा जराही हलला नाही. त्यानं ओरडावं, असं तिला फार वाटत होतं. त्यानं कागद उलटा केला आणि पेन्सिल तिच्या हातात दिली.

"आता काढ. मागच्या कोऱ्या बाजूवर. आपला बोळ. तुझ्यासारखं कुणाला येतं?"

तिनं पेन्सिल धरली. हाताला सवय होती. घरांच्या बाहेरच्या कडा, कुठलं छप्पर कुठं मोडतं, गच्ची कुठं, टाकी कुठं, हे तिनं पाच मिनिटांत उतरवलं. मग आत शिरायची वेळ आली. तोंडाशी काय होतं? पुस्तकं बांधणारा.

"तो नाही," बारक्या म्हणाला. "आधी गाद्या भरणारी. पुस्तकवाला दुसरा."

"नळ इथं, डावीकडं."

"उजवीकडं होता वन्सं," भावजय दारातून म्हणाली. "पाणी भरून मी उजवा हात मोडून घेतलाय."

"पायऱ्या? दुकानाच्या?"

"दोन."

"दोन माहीतेत. दगडी की लाकडी?"

तिला आठवेना. ज्या पायऱ्यांवर बसून तिनं शाळेचा अभ्यास केला, त्या दगडी होत्या की लाकडी हे तिला सांगता येईना. ती कागदाकडं बघत राहिली. छपरं सगळी बरोबर होती.

बारक्यानं पेन्सिल काढून घेतली. "चहा घेऊन जा," म्हणाला आणि गॅलरीत जाऊन पाठमोरा उभा राहिला.

त्यानंतर तिनं जे केलं ते कुणी विचारलं तर सांगायला बरं आहे. शहराच्या पुढच्या आराखड्याचे कागद टेबलावर आले तेव्हा विभागप्रमुख म्हणून तिनं प्रत्येक तपकिरी कागदाला पाहणीचा अर्ज जोडला. तेवीस अर्ज. साहेबांनी बोलावून घेतलं.

"बाई, हे काय अचानक?"

"जाऊन बघायला हवं, साहेब."

"इतकी वर्षं नाही हवं झालं?"

तिनं अर्जांचा गठ्ठा त्यांच्यापुढं सरकवला. त्यांनी आवाज चढवला नाही. तिची बदली तळघरातल्या अभिलेख विभागात झाली. तेवीस अर्ज तिच्यामागोमाग तिथंच आले, कपाटात ठेवायला. निवृत्तीपर्यंतची शेवटची दोन वर्षं तिनं तिथं फायलींना नंबर घातले. तिच्या जागी एक तरतरीत माणूस आला. त्याची नजर तिच्याइतकी तयार नव्हती, पण रंग तो भराभर भरायचा.

मधल्या काळात बारक्यानं ते घर सोडलं. तिला कळलं ते माळावर भेटायला गेली तेव्हा, तिथल्या पहारेकऱ्याकडून. शहराच्या दुसऱ्या टोकाला, जुन्या बाजारामागं, एका अंधाऱ्या गल्लीत त्यानं भाड्यानं जागा घेतली होती. खाली दुकान, वर राहायला माळा. निवृत्तीनंतर महिन्याभरानं ती शोधत तिथं गेली. या वेळी विचारत विचारत गेली. लोकांनी बोट धरल्यासारखं नेऊन सोडलं.

दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. बारक्या दाभण ओढत होता. तिच्या चपलांकडं त्याचं लक्ष गेलं, मग हात क्षणभर थांबला, मग पुन्हा चालू झाला. तिचा नंबर आला तेव्हा त्यानं मान वर केली.

"काय झालंय बाई?"

बाई. आजवर त्यानं तिला ताईखेरीज दुसरं काही म्हटलं नव्हतं.

"टाच निघालीय," ती म्हणाली. टाच निघालेली नव्हती.

त्यानं चप्पल उलटी करून पाहिली. अंगठ्यानं टाच दाबून बघितली. "चांगली आहे," म्हणाला आणि परत दिली. मग तिच्यामागच्या माणसाला म्हणाला, "हां, तुमचं?"

ती गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा मागून भरभर पावलं वाजली. भावजय होती, हाताला पीठ तसंच.

"वन्सं, राग मानू नका. दुकानात येत जाऊ नका. तुमचं नाव निघालं की ते दिवसभर जेवत नाहीत. मागं तिथला पहारेकरी भेटला, तुम्ही विचारून गेलात म्हणाला, तेवढ्यानंच झालं तसं. यायचंच असेल तर मंगळवारी या. मंगळवारी ते चामडं आणायला जातात."

"बरं," ती म्हणाली.

ती दोन मंगळवार गेली. भावजयीनं चहा केला, दोघी माळ्यावर बसल्या, खालच्या बंद दुकानातून चामड्याचा वास येत होता. बोलायला फारसं काही निघालं नाही. तिसऱ्या मंगळवारी ती बसस्टॉपपर्यंत गेली आणि बस आली तरी चढली नाही.